तमिळची खोली वेगळी आहे

अप्पा,

परवा मी एका पुस्तकमहोत्सवाला जाऊन आले. जाऊन आले म्हणजे आपल्याच घरात, तंजावूरला, जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर लॅपटॉप, शेजारी डबऱ्यात, आपल्या पितळी वाटीत, कॉफी. तुम्ही होतात तेव्हा फोन आला की कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात धावावं लागायचं, त्यामुळे हे तुम्हाला पटवायला जरा वेळ लागला असता. हल्ली माणसं पडद्यावर जमतात. जो तो आपापल्या चौकोनात दिसतो, आणि एकाच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर ती साऱ्या महाराष्ट्राला ऐकू जाते. महोत्सव होता कुमारवयीन मुलांच्या पुस्तकांचा. म्हणजे ज्यांना परीकथा आता नको असतात आणि मोठ्यांची रडगाणी अजून सोसत नाहीत, त्यांच्यासाठीच्या पुस्तकांचा. प्रत्येक भाषेची पडद्यावरची खोली वेगळी, आणि मराठीच्या खोलीत एक तास नव्या लिहिणाऱ्यांसाठी होता. ज्याचं पुस्तक अजून छापलेलं नाही त्याने आपलं एक पान वाचायचं, आणि पुण्याच्या एक संपादिका ऐकून सांगणार, पुढचं पाठवा किंवा राहू द्या. त्यात माझी पाळी होती. केस पिकल्यावर तुमची लेक होतकरू झाली, अप्पा. हसा खुशाल.

सगळं जोडून दिलं तुमच्या नातीने. ती आता कॉलेजात आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, पण तुमचं खवचट बोलणं मात्र तिने कुठून उचललं देव जाणे. मी रेशमी पट्टुसाडी नेसून, गजरा माळून आले तर म्हणाली, "अम्मा, कोणाचं लग्न आहे? गळ्याच्या वरतंच दिसणार की तू." आपली घरची मराठी तिला सगळी कळते, पण बोलायला लागली की दोन वाक्यांत तमिळमध्ये उतरते. गजरा मी काढला नाही. निदान डोकं तरी नटलेलं असू दे.

खरी भीती दुसरीच होती. माझ्याकडे ते पान दोन रूपांत होतं. कादंबरी मी लिहिते ती आपल्या घरच्या बोलीत, आणि लिहिते तमिळ अक्षरांत. तुम्हीही अम्माला चिठ्ठी लिहायचात ती अशीच, भाषा मराठी आणि अक्षर तमिळ. घरात देवनागरी वाचणारं होतं कोण! मी ती फार उशिरा शिकले, पुण्याच्या एका बाईंच्या शिकवणीत, याच लॅपटॉपवर. त्यांच्याकडूनच हे असं छापील मराठीही शिकले, ज्यात मी तुम्हाला आत्ता लिहितेय. तर या वाचनासाठी मी ते पान देवनागरीत उतरवलं, आणि उतरवता उतरवता सगळं धुऊन पुसून घेतलं. आपले जुने शब्द काढले, तमिळ शब्द काढले. पान अगदी चकचकीत झालं. लेकीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "छान आहे. कोणाचं?"

मी असं का केलं ते तुम्हाला सांगायला नको, कारण तो दिवस तुमच्याही लक्षात असणार. सुट्टीचा दिवस आहे, पुण्याहून एक कुटुंब राजवाडा बघायला आलंय, आणि कुणाच्या तरी ओळखीने तुम्ही त्यांना हिंडवताय. मी तुमचं बोट धरून. तुम्ही आनंदात, कमरेला धोतरासारखी पांढरी वेष्टी, कपाळाला गंध, तोंडाला खळ नाही. त्यांच्यातली बाई मध्येच थांबते आणि नवऱ्याला म्हणते, "अहो, ऐका ना, किती गंमतशीर बोलतात हे! पुन्हा एकदा म्हणा ना." तुम्ही पुन्हा म्हणता. ती सगळी हसतात. वाईट हसत नाहीत, कौतुकानेच हसतात, पण त्यानंतर तुम्ही दरबारापासून ग्रंथालयापर्यंत सगळं इंग्रजीत सांगितलंत. परतताना मी विचारलं, "अप्पा, त्यांच्याशीं इंग्लिश कां बोललात?" तुम्ही माझ्यावर क्वचितच चिडायचात, त्या दिवशी चिडलात. "ऑफिसला कोणी वेष्टी नेसून जातं कां? घरचं घरात ठेवायचं. चल, पाय उचल." मी पाय उचलला, आणि पुढे कित्येक वर्षं घरचं घरातच ठेवलं.

आणि तरीही लिहायला लावलंत तुम्हीच. ओरत्तनाडूच्या तुमच्या सरकारी ऑफिसात टाकून द्यायचे म्हणून काढलेले पाठकोरे कागद तुम्ही विचारून घ्यायचात आणि जेवणाच्या रिकाम्या डब्याखाली पिशवीत घालून आणायचात. एका बाजूला कुणाच्या तरी बांधाचं भांडण, दुसऱ्या बाजूला माझ्या गोष्टी. मी आधी भांडणंच वाचायची, ती फार रंगतदार असायची. तुम्ही पाय धुऊन बसलात की मी माझं वाचून दाखवायची. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. झोपलात म्हणून मी थांबले की म्हणायचात, "पुढें?" कंटाळलात असं मात्र कधी दाखवलं नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी खरोखर कंटाळवाण्या होत्या.

तर परवा माझी पाळी आली. संपादिकाबाई म्हणाल्या, तुमचं पान सगळ्यांना दिसेल असं चॅटमध्ये टाका, म्हणजे बाजूच्या रकान्यात चिकटवा, आणि वाचायला लागा. मी चिकटवलं. मग त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही बहुधा चुकून इकडे आलात. तमिळची खोली वेगळी आहे. थांबा, मी लिंक देते." कुणीतरी हसऱ्या तोंडाचं चित्र टाकलं, त्यामागून आणखी तिघाचौघांनी. माझ्या पाठीमागून लेक कुजबुजली, "अय्यो, अम्मा! तू मूळचं टाकलीस!"

टाकलं होतं खरं. रकानाभर आपली तमिळ अक्षरं. चकचकीत पान बाजूलाच उघडं होतं. "माफ करा" म्हणून ते टाकलं असतं की संपलं. पण मला राग आला, अप्पा. त्यांचा नाही, त्या बिचाऱ्या मदतच करत होत्या. राग आला तो त्या धुतलेल्या पानाचा. मी म्हटलं, "बाई, मी बरोबर खोलीत आहे. हे मराठीच आहे. अक्षरं तमिळ आहेत. आमच्या घरांत असंच लिहितात." आणि मूळचंच वाचायला लागले.

पान साधं आहे. एक मुलगी तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, बसून ओरत्तनाडूच्या बसची वाट बघते. तिचे अप्पा यायचे आहेत आणि बसला उशीर झालाय. माझा आवाज असा थरथरत होता की डबऱ्यातली कॉफी हलत असावी. अम्मा दारात येते ती जागा आली. "अप्पा आले नाहींत की अजून?" "येतील की. बस म्हणजे काय आपल्या घरची गाय कां, हाक मारली की यायला?" इथे कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी एक जण. माझे कान तापले, पण तेवढ्यात ध्यानात आलं की ते गायीला हसले, माझ्या बोलण्याला नाही. त्यानंतर मी अशी वाचत सुटले की लेकीने मागून साडी ओढून सांगितलं, "हळू!"

वाचून झालं. संपादिकाबाई चष्मा काढून म्हणाल्या, "बहुतेक सगळं कळलं. जे नाही कळलं त्याने काही अडलं नाही. यातला एकही शब्द सुधारू नका. पुस्तक पूर्ण आहे? मग पाठवा मला." मी नुसती मान हलवली. गजरा निसटून खांद्यावर आला होता, तो सगळ्यांना दिसला. लेक मागे नाचत होती, तीही दिसली. तुम्ही असतात तर त्या वेळी मी तुम्हाला मिठी मारली असती, आपल्याकडे तशी पद्धत नसली तरी.

एवढ्यात नागपूरची एक मुलगी बोलायला लागली. असेल पंधरा-सोळा वर्षांची, हनुवटी गुडघ्यावर टेकून बसलेली. म्हणाली, "काकू, पण ते येतात का मग? तिचे अप्पा?"

"येतात," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"नक्की. उशीर होतो, पण येतात."

अप्पा, पुस्तकात ते येत नाहीत. ऑफिसातला शिपाई सायकलवरून येतो आणि दारात उभा राहतो, जसा तुम्ही गेलात त्या दिवशी आपल्याकडे आला होता. ते प्रकरण लिहून कधीचं झालंय, आणि बरं झालंय. पण त्या पोरीला मी सगळ्यांसमोर शब्द दिला, आणि देताना मला जे वाटलं ते इतकं सुखाचं होतं की तो शब्द आता फिरवत नाही. कालपासून नवं लिहायला घेतलंय. शिपायाला काढून टाकलं. बस आली, तुम्ही उतरलात, आपल्या गल्लीत वळलात, पायरीपर्यंत आलात. ती धावत येऊन विचारते, "एवढा उशीर कां?" आणि तुम्ही काय म्हणता ते काही केल्या मला सुचत नाही. आज सकाळपासून तुम्ही तसेच दारात उभे आहात.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि खरं सांगायचं तर मला तुम्हाला काही कळवायचंही नव्हतं. इतकं बोलल्यावर तुम्ही काहीतरी म्हणाल, म्हणून लिहीत बसले.