शिवरामच्या होडीचे सांधे

मी, विद्युल्लता श्रीनिवास ठोसर, वय वर्षे सहासष्ट, राहणार दुर्गाघाट, वाराणसी, हे मृत्युपत्र कोणाच्या आग्रहाने वा धाकाने नव्हे, स्वतःच्या मनाने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझी एकुलती मुलगी बकुळ हिला मिळाव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. बकुळ, तुझा संसार नागपूरला. घर विकावेसे वाटले तर वीक, मनाला लावून घेऊ नकोस. फक्त जाण्याआधी वरच्या खिडकीत एकदा निवांत चहा घे. तुझे बाबा तिथे गंगेकडे तोंड करून दाढी करत आणि हमखास हनुवटी कापून घेत.

२. ह्यांचे मनगटी घड्याळ माझे दीर विश्वेश्वर यांना द्यावे. हे गेल्यावर तेराव्यालाच भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, गोंद विकणं बायकांचं काम नव्हे. चाव्या माझ्याकडे द्या." मी दिल्या नाहीत. त्या वाक्याचा राग मी वीस वर्षे सांभाळला. पुढे मी जे केले त्याचे खापर मात्र त्यांच्या माथी मारत नाही. घड्याळ अजून चालते.

३. राजघाट रस्त्यावरील माझे दुकान, आतील मालासह, प्रल्हाद मिस्त्री याला द्यावे. तो अठरा वर्षे माझ्याकडे कामाला आहे. ठोसरबाईंनी बेकार माणसाला आधार दिला, असे सारा मोहल्ला म्हणतो. ते खरे नाही, म्हणून हे कलम लांबणार.

रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी कारखान्यांना लागणाऱ्या गोंदांची आणि सांधे बुजवण्याच्या मसाल्यांची एजन्सी घेतली होती. त्यात पॉलिसल्फाइड नावाचा एक मसाला होता. दोन डबे: एकात पांढरट लगदा, दुसऱ्यात काळा. दोन्ही मापाने घोटले की काही दिवसांत त्याचे रबर होते, पाण्याला दाद न देणारे. हे गेल्यावर तो माल पडून राहिला. १९७९च्या गंगादशहऱ्याला कंपनीचा माणूस येणार होता. त्याला मसाला लावलेली एखादी होडी पाण्यात दाखवली, तर एजन्सी टिकणार होती.

आपल्या घाटांवर जेठाच्या उन्हात होड्या उलट्या घालतात, फळ्यांच्या सांध्यांत सूत ठोकतात आणि वरून अलकतरा, म्हणजे डांबर, फासतात. या कामात प्रल्हादसारखा हात दुसरा नव्हता. शिवराम मल्लाह या नावाड्याची होडी त्याच्याकडे आली होती. मी डबे घेऊन गेले. माहितीपत्रक इंग्रजीत होते आणि ते वाचू शकणारी तिथे मी एकटीच. प्रल्हादने एकच प्रश्न विचारला: "बहनजी, पुराने अलकतरे पर पकड़ेगा?"

पत्रकात लिहिले होते, डांबर पूर्ण खरवडून कोरडे लाकूड दिसल्याशिवाय लावू नये. डांबरावर पकड धरत नाही. खरवडायला आठ-दहा दिवस लागले असते. दशहरा पाच दिवसांवर होता. मी कागदावर बोट ठेवले आणि त्याला सांगितले, "लिखा है, पकड़ेगा।" कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवले होते, वाचताना अडखळायचे नाही. मी अडखळले नाही.

दशहऱ्याला होडी मध्यधारेत गेली आणि सांध्यांवरचे रबर लांब फितीसारखे सुटून आले. बाजूच्या नावाड्यांनी माणसे ओढून घेतली, सगळी वाचली. शिवरामची होडी गेली. त्याची पोटापाण्याची ती एकच होती. संध्याकाळी घाटावर मल्लाह जमले. शिवराम म्हणत होता, मिस्त्रीने अर्धा माल विकून खाल्ला. प्रल्हाद मान खाली घालून म्हणाला, बहनजींना विचारा, कागदात काय आहे ते. सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हणाले, "मिलाने में गड़बड़ हुई होगी।"

पहिले खोटे मी घाईत बोलले होते, हे दुसरे विचार करून. त्यानंतर प्रल्हादला कोणी होडीला हात लावू दिला नाही. तीन महिन्यांनी मी त्याला दुकानात ठेवले. तो खुर्च्यांचे पाय चिकटवायचा आणि दर गुरुपौर्णिमेला माझ्यासाठी गजरा आणायचा. मी तो घ्यायची.

४. माझे शिवणयंत्र गीताला द्यावे. अकरा वर्षे तिने माझे घर सांभाळले. बकुळला शिवण येत नाही, तिने रागावू नये.

५. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या गंगादशहऱ्याला बकुळने कलम तीन घाटावर मल्लाहांसमोर हिंदीतून वाचून दाखवावे.

६. वरील मजकूर २६ एप्रिलला लिहून झाला. साक्षीला मी, इतर कागदांना बोलावते तसे, प्रल्हादलाच बोलावले. तो चष्मा पुसून बसलाही. पण वकीलसाहेब म्हणाले, ज्याला वारसा मिळतो त्याने साक्ष करू नये. मग कशाचा वारसा आणि का, हे सांगणे मला भाग पडले. मी कलम तीन त्याला वाचून दाखवले. तो जिना उतरून गेला आणि चार दिवस दुकानात आला नाही.

पाचव्या दिवशी आला. बस म्हटले तरी बसला नाही. दुकानाबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाला, "आपके मरने के बाद पढ़ा जाएगा तो शिवराम यही कहेगा, बुढ़िया से लिखवा लिया। तब मैं किससे पूछने जाऊँगा?"

सत्य मी मरणाच्या पलीकडे ठेवले होते, तिथे मला कोणाच्या डोळ्यांत पाहावे लागणार नव्हते. कलम पाच लिहिताना हे मला ठाऊक होते.

म्हणून कलम पाच मी रद्द करत आहे. येत्या गंगादशहऱ्याला मी स्वतः पालखीत बसून घाटावर जाईन आणि ते जुने पत्रक हातात धरून, त्यात जे लिहिले आहे ते वाचीन. शिवरामला निरोप गेला आहे. तो येतो म्हणाला. प्रल्हादने येईन म्हटलेले नाही. कलम तीन, तो आला वा न आला, कायम राहील.

हे सर्व मी पुन्हा वाचून, समजून, खालील दोघांच्या समोर सही केली; त्यांनी माझ्या समोर केली.

विद्युल्लता श्रीनिवास ठोसर

साक्षीदार:
१. इंदू नरहर सप्रे, शेजारीण, दुर्गाघाट
२. वेणीमाधव शरद गोडसे, निवृत्त शिक्षक, ब्रह्माघाट

वाराणसी, २ मे १९९७