सामानासकट घर

तीर्थरूप अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द शोभेचा नाही. ज्या टेबलावर हे लिहितो आहे त्याच्याखाली माझे गुडघे जात नाहीत, म्हणून खुर्ची हातभर लांब ठेवून ओणवं व्हावं लागतं. का जात नाहीत, ते पुढे येईल.) आम्ही दोघं खुशाल आहोत. माझा खोकला गेला, हिची कंबर आहे तिथंच आहे. तुझे गुडघे कसे आहेत ते खरं कळव. पस्तीस वर्षं इस्पितळात दुसऱ्यांना ‘कुठं दुखतंय?’ विचारून विचारून स्वतःचं दुखणं सांगायची तुझी सवयच मोडली आहे, त्यामुळे तू ‘बरे आहेत’ लिहिलंस तर मी ते वाईट आहेत असं धरून चालेन.

तुझं पत्र मंगळवारी दुकानावर मिळालं. गिऱ्हाइकाचं माप अर्धवट सोडून मी ते फोडलं आणि तसाच उभा राहिलो. (गिऱ्हाईक सभ्य होतं. दोन्ही हात पसरून दहा मिनिटं गप्प उभं होतं.) तू लिहितेस, खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे, वृद्धाश्रमाचा फॉर्म भरून ठेवला आहे, एक तारखेला नेऊन देणार. आणि माझ्याकडे का येत नाहीस, तर म्हणे ‘तुझ्या त्या महालात मी आणि माझं सामान शोभणार नाही. तू सुखात आहेस, यातच मला सगळं मिळालं.’ अक्का, यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. घर घेतल्यापासून तीन महिन्यांत मी तुला चार पत्रं लिहिली, ती तुला इथं आणायला. मला वाटलं, माझ्याकडे काही कमी नाही हे दिसलं की तू ‘तुझ्यावर भार नको’ हे पालुपद सोडशील. म्हणून जरा ठासून लिहिलं. तू ते इतकं खरं मानशील असं वाटलं नव्हतं. लहानपणी माझ्या पोटदुखीवर तुझा इतका विश्वास कधी नव्हता.

तर झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे ठाऊक असूनही आज ती उघडतो. हे घर मी कसं घेतलं ते तुला कधी सांगितलंच नाही. नवी इमारत उभी राहिली की लोकांना दाखवण्यासाठी त्यात एक फ्लॅट सजवून ठेवतात, त्याला नमुना फ्लॅट म्हणतात. आपला फ्लॅट तो. सहा महिने लोकांचे बूट त्यातून फिरले होते म्हणून बाकीच्यांपेक्षा स्वस्त, आणि वर पलंग, सोफा, टीव्ही, फ्रीज, पुस्तकं, सगळं आहे तसं सामानासकट. विकणारा एक टाय लावलेला तरुण होता (नाव सांगितलं होतं, पण आम्ही त्याला टायवालाच म्हणतो). तो म्हणाला, ‘मास्तर, तुम्ही फक्त चपला काढायच्या आणि राहायला लागायचं.’ तीस वर्षं भाड्याच्या दीड खोलीत शिलाई मशीनला पाय अडखळत काढल्यावर असं वाक्य कानावर पडलं की माणसाचं भान सुटतं. मी सही केली. सही झोकदार कशी येईल याकडे लक्ष असल्यानं वरचं बारीक अक्षर वाचायचं राहिलं.

आता तुला माझा धंदा माहीत आहे. दुकानाच्या काचेत मी जो पुतळा उभा करतो, त्याच्या अंगावरचा कोट बघून लोक आत येतात. तो कोट समोरून असा बसतो की जणू पुतळा तो घालूनच जन्मला. आणि पाठीमागून मीच त्याला बावीस टाचण्या लावलेल्या असतात. रोज सकाळी हे काम मी स्वतःच्या हातानं करतो. असा माणूस नमुना फ्लॅटमध्ये गेला, सगळं कसं फिट्ट बसलंय म्हणून खूश झाला आणि पाठीमागे बघायला विसरला. गळ्यात टेप होता, अक्का! गिऱ्हाइकाच्या मनगटाचं माप पाव इंचानंही चुकू न देणाऱ्या मी, आयुष्यात एकदाच घर घेताना टेप उलगडला नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की पलंग राजेशाही आहे. आहे, पण लांबी पाच फूट दोन इंच. खोली मोठी दिसावी म्हणून नमुन्यातलं सामान मुद्दाम लहान करून घेतात, हे मला नंतर सुताराकडून कळलं. मी पायाशी स्टूल ठेवून झोपतो. कूस बदलायची तर आधी स्टूलही सरकवावं लागतं, म्हणून सहसा बदलत नाही. हेच टेबलाचं. सोफ्यावर दोघं बसलो तर एकानं श्वास सोडल्यावर दुसऱ्यानं घ्यायचा. बेचाळीस इंची टीव्ही आहे, हे मात्र खरं. मी स्वतः मोजला. तो चालतो असं मी कुठंच लिहिलं नव्हतं, पत्र काढून बघ. ती पुठ्ठ्याची चौकट आहे, पुढे काच आणि आत डोंगर-तळ्याचं चित्र. हिनं पहिल्या दिवशी रिमोटमधले सेल दोनदा बदलले आणि मग म्हणाली, ‘कार्यक्रम चांगला आहे, पण पुढे सरकत नाही.’

दोनशे पुस्तकांचं कपाट वाचून तुला फार आनंद झाला होता, ते वाक्य लिहिताना माझं मन खात होतं. मी एक जाड ग्रंथ ओढला तर सगळी रांग फळीसारखी हातात आली. नुसत्या पाठी चिकटवलेल्या. फ्रीजला मोटर नाही, त्यात सध्या मी दोऱ्याची रिळं आणि अस्तराचं कापड ठेवतो (कसर लागत नाही, हा एक फायदा). जेवणाच्या टेबलावर सहा ताटल्या मांडलेल्या आहेत असं लिहिलं होतं ना? त्या मांडलेल्या नाहीत, चिकटवलेल्या आहेत. वेगळ्या ताटल्या ठेवायला जागा उरत नाही, म्हणून आम्ही त्यांतच जेवतो आणि जेवण झालं की ही सबंध टेबल धुते. आणि तीस फुटी हॉल पंधरा फुटी आहे. पलीकडचे पंधरा फूट आरसा. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या ऐटीत चहाचा कप घेऊन त्या बाजूच्या सोफ्यावर बसायला गेलो आणि समोरून माझ्यासारखाच एक टकल्या त्याच ऐटीत माझ्या अंगावर आला. कपाळाला टेंगूळ आलं, चहा दोघांचाही सांडला.

खरी कठीण गोष्ट पाण्याची. न्हाणीघरात चकचकीत नळ होते आणि नळांच्या मागे काही नव्हतं. पंधरा दिवस आम्ही खाली रखवालदाराच्या नळावरून बादल्या आणल्या. शिवाय आतल्या खोल्यांना दारंच नव्हती. दार नसलं की खोली ऐसपैस दिसते म्हणे. दिसते खरी, पण माणसाला न्हाणीघर ऐसपैस दिसून काय करायचं आहे? आता नळजोड झाला, न्हाणीघराला दार बसलं, बाकी ठिकाणी मी स्वतः पडदे शिवले. तेव्हा बडा घर पोकळ वासा म्हणतात ते आपलं घर नाही. पोकळ आहे हे मान्य, पण बडंही नाही.

आणि ते बारीक अक्षर. त्यात असं होतं की शेजारची इमारत विकून होईपर्यंत दर शनिवार-रविवार दहा ते पाच गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवू द्यायचा. पहिल्या शनिवारी मी तोंडाला साबण फासून दाढी करत होतो आणि टायवाला आठ माणसं घेऊन आत आला. म्हणाला, ‘आणि हे इथलं सुखी कुटुंब.’ आठही जणांनी माझ्याकडे सुखाच्या शोधात पाहिलं. एका बाईनं आमचं कपाट उघडून माझे बनियन मोजल्यासारखे केले. एक मुलगा प्लॅस्टिकचं सफरचंद चावून रडला, त्याला आम्ही खरं दिलं तर तेही त्यानं आधी ठोकून बघितलं. एक आजोबा सोफ्यावर टेकले ते सगळे गेल्यावरही बसलेले. घरचे त्यांना विसरूनच गेले होते. दोन तास त्यांनी मला त्यांच्या मुलाचं घर किती मोठं आहे ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, तिथं त्यांची खाट जिन्याखाली आहे. मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडून आलो. त्या दिवसापासून, अक्का, मला मोठ्या घराच्या गोष्टी लिहिताना हात जड वाटायला लागला होता. तरी मी चौथं पत्र लिहिलंच, सवय वाईट.

पुढे हिचं डोकं फिरलं. (माझं फिरलं की मी गप्प बसतो, हिचं फिरलं की काम होतं.) हिनं माझा जुना टेप दाराला खिळ्यावर टांगला आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागली, ‘हे घ्या, आधी पलंग मोजा, मग आरसा मोजा, मग बोला.’ दोन रविवारांत तीन सौदे मोडले. टायवाला आधी चिडला, मग विनवण्या करायला लागला, म्हणाला, ‘मावशी, माझी नोकरी जाईल.’ तेव्हा हिनं त्यालाच त्या पलंगावर आडवं केलं. तो माझ्याहून उंच, त्याचे पाय पोटरीपासून बाहेर. पडल्या पडल्या तो छताकडे बघून म्हणाला, ‘मी कधी यावर झोपून बघितलंच नव्हतं.’ आता तो लोकांना स्वतःच टेप देतो. आश्चर्य म्हणजे त्यानंतर चार फ्लॅट विकले गेले.

इतकं सगळं सांगून झालं, आता खरं कारण सांगतो. मी बढाया का मारल्या? आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा आणि तू अठराची. तू रात्रपाळी करून यायचीस आणि अंथरूण एकच म्हणून मी शाळेला जाईपर्यंत खुर्चीत बसून राहायचीस. मला वाटायचं तुला खुर्ची आवडते. हे चुकीचं होतं एवढं कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळल्यावर लाज वाटली. तुझा धाकटा वाया गेला नाही, त्याच्याकडे भरपूर आहे, इतकं आहे की तुला मागे सरकून बसायला नको, हे तुला दिसावं असं फार वाटायचं. म्हणून लिहीत सुटलो. आणि माझ्याच शब्दांनी तुला वृद्धाश्रमाच्या दारात नेऊन उभं केलं. ती जागा वाईट असेल असं मी म्हणत नाही. तुला तिथं मनापासून जावंसं वाटत असेल तर मी स्वतः तुझी पिशवी उचलून पोचवायला येईन. पण माझं घर फार मोठं आहे म्हणून जाणार असशील, तर ते तेवढं मोठं नाही, हे तुला कळायला हवं.

विचार कर, सावकाश कर. निर्णय तुझा. मी कसलाही आग्रह करणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. — तुझी लोखंडी खाट सहा फुटांची आहे ना? ती टाकू नकोस. मागच्या खोलीत मुलांचा म्हणून साडेतीन फुटी पलंग होता, तो मी मोडून त्याची फळी कापड कापायला वापरली. खोली आता साफ रिकामी आहे. या घरात जिथं काहीच खोटं नाही अशी ती एकच जागा. सकाळी ऊन येतं. तिचा पडदा मी दुहेरी अस्तराचा शिवला आहे, बाहेरून काही दिसत नाही आणि आतून खोकलं तरी ऐकू जात नाही. (हिला ऐकू जातं, पण त्याला इलाज नाही.)

ता. क. २ — हे तुला सांगायचं नाही असं हिनं बजावलं होतं. बघायला येणारे लोक त्या रिकाम्या खोलीशी थांबतात आणि ही कुणाची म्हणून विचारतात. ही पहिल्या दिवसापासून एकच उत्तर देते, ‘आमच्या अक्कांची. जरा बाहेर गेल्यात, येतीलच.’ तीन महिने झाले. परवा तुझं पत्र वाचून दाखवल्यावर ती उठली. आणि जाऊन ती खोली झाडून आली.

ता. क. ३ — हे पाकीट पोस्टमननं दिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्यानं दिलं तो टेम्पोवाला आहे, आणि टेम्पो खाली उभा आहे. तुझं वाचून होईपर्यंत घाई करायची नाही, मध्ये बोलायचं नाही, असं त्याला सांगितलं आहे. भाडं जाण्यायेण्याचं आधीच दिलंय, तेव्हा तू नाही म्हणालीस तरी त्याचं काही बिघडत नाही. जबरदस्ती नाही म्हणजे नाही. फक्त एवढं ऐक. आजवर मला जे जे नाही म्हणालीस, ते मला समोर उभं करून, माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस. हेही तसंच म्हण. ड्रायव्हरशेजारची खिडकीची जागा तुझ्यासाठी ठेवली आहे. बसून ये, आणि माझ्या तोंडावर नाही म्हणून दाखव.