खारूचं घर, एकास बारा

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंदी हव्यात. पुढे कोणी विचारलं, हे तुम्हाला जमलं कसं, तर आठवत बसायला नको.
पार्श्वभूमी: परवा खारू कंपाउंडच्या भिंतीवरून पडली. (मुलगी. वय सात. सतत कशावर तरी चढलेली असते म्हणून खारूताई, त्याचं खारू.) उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये. सहा आठवडे पलंगावर. हाडांचे डॉक्टर म्हणाले, पोरीला कशात तरी गुंतवून ठेवा. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं: बाहुलीघर करून देतो. दोन मजली. सगळं हाताने.
ही म्हणाली, त्यापेक्षा रोज तासभर तिच्याजवळ बस.
काही लोकांना मोठं स्वप्न बघताच येत नाही.
संकल्प: पंधरा दिवसांत घर पूर्ण.

५ फेब्रुवारी. ऑफिस, दुपारी
आराखडा सुरू. माप एकास बारा. म्हणजे खऱ्या घरात एक फूट, तिथे आपला एक इंच. नकाशे विभागात बावीस वर्षं काढली आहेत. टाक्या, नळ, पंपहाऊस. माझ्या मापात आजवर चूक नाही. (ती एक टाकी सोडून. तिथे जमीनच तिरकी होती.)
ऑफिसच्या वेळात हे करावं का, असा विचार क्षणभर आला. पण हात चालता राहणं ऑफिसच्याच फायद्याचं आहे.

७ फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या सुताराकडे प्लायवूड कापायला दिलं. त्याने विचारलं, मागची बाजू उघडी ठेवायची ना? मला हसू आलं. म्हटलं, बाबा रे, घराला मागची भिंत असते. तुझ्या घराला नाही का? त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि बरं म्हणाला. हात चांगला आहे माणसाचा, विचार कमी पडतो.

८ फेब्रुवारी, शनिवार
सासूबाई आल्या. खारूला उचलायला-ठेवायला हिला मदत. एक पिशवी कपड्यांची, दुसरी चिंध्या, बटणं आणि दोऱ्यांची. म्हणाल्या, जावईबापू, काही लागलं तर सांगा हो. मी सौम्यपणे सांगितलं की हे बारीक मापाचं काम आहे, शिवणटिपण नव्हे. त्या म्हणाल्या, तेही खरंच.

९ फेब्रुवारी, रविवार
जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. दुसरी इतकी सपाट जागा घरात नाही. आता बाकीचे खारूच्या पलंगाभोवती जेवतात. मी इथे उभ्याउभ्या. तिकडून हसण्याचे आवाज येतात. एकाग्रता भंग. दार लावून घेतलं आणि नियम केला: सरप्राइज आहे, आत यायचं नाही, हाक मारायची नाही.
खारूने दाराबाहेरून विचारलं, फक्त एक विचारू? नको म्हटलं. आधी घर.

१३ फेब्रुवारी
जिना झाला. अप्रतिम. आमच्याच इमारतीच्या पायऱ्या मोजून केला. किरकोळ बाब: मोजताना गच्चीपर्यंतच्या पायऱ्या धरल्या गेल्या. त्यामुळे जिना पहिला मजला ओलांडून छपराच्या चार बोटं वर जातो. दुपारभर विचार केला. घराला गच्ची द्यायची ठरवली. योजनेत नव्हती, पण असायलाच हवी होती. मोठ्या कामात असंच सुचत जातं.

१७ फेब्रुवारी. ऑफिस
बाहुलीघराचा आराखडा चुकून पंपहाऊसच्या फाइलमध्ये गेला. साहेबांनी मंजूर केला. शेरा: 'ठीक. खिडक्या कमी कराव्यात.' शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, आधी तो कागद परत घ्या, नाहीतर गावाला पन्नास सेंटीमीटरचं पंपहाऊस मिळेल. घेतला परत. पण तीस वर्षं नोकरी झालेल्या साहेबांना माझ्या घरात खिडक्यांपलीकडे एकही दोष दिसला नाही, ही नोंद इथे राहू दे.

१९ फेब्रुवारी
मुदत संपली असं हिचं म्हणणं. पंधरा दिवस म्हणजे कामाचे पंधरा दिवस, हे हिला समजावणं कठीण. नवी मुदत २८.

२३ फेब्रुवारी, रविवार
खुर्ची. घड्याळवाल्याकडून भिंग आणि चिमटा मागून आणला. पाठीला पाच दांड्या, प्रत्येक दांडी आगपेटीच्या काडीची. बुधवारी गोंद लावताना ती डाव्या अंगठ्याला चिकटली. गुरुवार, शुक्रवार ऑफिसात हात खिशात. साहेबांनी फाइल पुढे केली ती एका हाताने घेतली. त्यांना वाटलं मी रागावलोय. काल कोमट पाण्यात सुटली. खुर्ची शाबूत आहे. अंगठ्याबद्दल तसं म्हणता येत नाही.
या वेगाने बाकीचं फर्निचर पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत होतं. वेग वाढवावा लागेल.

२६ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.००
धक्कादायक प्रकार उघडकीस. खारूच्या पलंगावर, पत्र्याच्या ट्रेमध्ये: कापसाची गादी, दोन उशा, टूथपेस्टच्या झाकणाचा दिवा, आगपेट्यांचं ड्रॉवर असलेलं कपाट, बटणांच्या बशा, टाचणीच्या डोक्याएवढ्या मण्यांचे चहाचे कप. सासूबाई आणि खारू, दोघींचा उद्योग. पट्टी आणून मोजलं. बशी बरोबर एकास बारा. गादी बरोबर एकास बारा. सासूबाईंना विचारलं, कसं काढलंत माप? म्हणाल्या, नजरेने.
योगायोग.
गादीचं निळ्या रेघांचं कापड कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. नंतर लक्षात आलं, सकाळी तोच शर्ट शोधत होतो.

२ मार्च, रविवार. दुपारी १२.३०
उद्घाटन. (२८ तारीख वॉर्निशने खाल्ली.) चारही भिंती उभ्या, छप्पर बंद, गच्ची, दाराला खरी कडी. सगळ्यांना बोलावलं. ही खारूला कडेवर घेऊन आली. खारूने सगळ्या बाजूंनी पाहिलं. डोळे चमकत होते. मग म्हणाली, बाबा, हात कुठून घालायचा?
मी खिडक्या दाखवल्या. तिने घातला. मनगटापर्यंत गेला.
गादी आत कशी जाणार, हे सासूबाईंनी विचारलं. गुंडाळून, दारातून, म्हटलं. कपाट? त्यावर मी म्हटलं, प्रत्येक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवायची नसते. खुर्ची मी स्वतः दारातून घालून दाखवायला गेलो. खुर्ची दारापेक्षा रुंद निघाली. हे दाराच्या बाबतीत सांगतो आहे, खुर्चीच्या नव्हे.
 ही खारूला घेऊन आत गेली. 

४ मार्च
सुताराने मागची भिंत कापून काढली. दहा मिनिटं लागली. मी त्याला सांगितलं की ही डिझाइनमधली पुढची पायरी आहे. तो मान हलवत ऐकत होता. मध्ये दोनदा दुकानाबाहेर गेला. खोकला आला म्हणे. बाहेर त्याच्या खोकल्यात चहावालाही सामील होता.

८ मार्च, शनिवार. सकाळी ११.००
आतलं सामान लावायला घेतलं. नाइलाजाने सासूबाईंचंच; माझी एकच खुर्ची तयार आहे. कपाटाच्या वरच्या खणात तीन पुस्तकं सापडली. खारूने केलेली. नखाएवढी, दोऱ्याने शिवलेली, पानं खरी उलगडतात. भिंग लावलं तर लिहिलेलंही होतं.
पहिलं: 'या घरात आई, आजी आणि एक मुलगी राहतात.'
दुसरं: 'बाबा पण आहेत. ते दुसऱ्या खोलीत असतात. त्यांना हाक मारायची नाही.'
तिसरं कोरं.
समास सोडलेला नाही. अक्षर मात्र रेखीव. माझ्यावर गेली आहे.
पुस्तकं होती तशी परत ठेवली. दुपारी काम केलं नाही. वॉर्निश वाळत होतं.

९ मार्च, रविवार
संकल्प: आजपासून रोज तासभर खारूजवळ.
लगेच अमलात आणला. गेलो तेव्हा ती आणि सासूबाई पत्ते खेळत होत्या. मला म्हणाली, थांब हं, डाव चालू आहे. थांबलो. डाव संपल्यावर तिला एकास बारा म्हणजे काय ते मुळापासून समजावलं. विसाव्या मिनिटाला तिला झोप लागली. दुखणं उतरल्याचं लक्षण. उरलेली चाळीस मिनिटं तिच्या प्लास्टरवर मैत्रिणींनी लिहिलेली नावं वाचली. बरीच होती. माझं नव्हतं. लिहायला पेन घेतलं, तर जागा फक्त टाचेखाली शिल्लक. तिथे लिहिलं. तिला दिसणार नाही, पण आहे.

१२ मार्च
कालचा आणि परवाचा तास ऑफिसमुळे हुकला. एकदम शनिवारी तीन तास देणार.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.२०
दिव्यांचं काम निघालं, त्यामुळे तीन तास पुढे ढकलले. पाच बल्ब बसवले. चार लागले नाहीत. पाचवा लागला आणि आमच्या खऱ्या घरातले गेले. मेणबत्ती लावून लिहितो आहे. पलीकडच्या खोलीत सासूबाई अंधारात गोष्ट सांगताहेत, खारू किंचाळून हसते आहे. म्हणजे पाहा, त्याचाही तिला फायदाच झाला.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी ५.४५
सुट्टी घेतली. दुपारी चार वाजता घर पूर्ण!! सहा आठवड्यांच्या आत, दिलेल्या शब्दाप्रमाणे. (शब्द पंधरा दिवसांचा होता, पण प्लास्टर असेपर्यंत, हा त्याचा मूळ अर्थ.)
दोघी खारूला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. साडेचारला परत. प्लास्टर निघालं. पाय काडीसारखा झालाय, पांढराफटक. जपून चालायला सांगितलंय. मी टेबलावरची चादर ओढून घर उघडं केलं. खारू लंगडत आली. उभी राहिली. म्हणाली, खूप छान झालंय, बाबा. पाहुणे निघताना जेवण छान होतं म्हणतात तशी.
खालून मुलांचा आवाज आला. तिने हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, हळू जा, पळायचं नाही. गेली.
मी म्हटलं, अगं, घर! तर जिन्यातून ओरडली, राहू दे तिथेच!
सासूबाईही संध्याकाळच्या गाडीने निघाल्या. निघताना घरात डोकावून गादी नीट केली. म्हणाल्या, जावईबापू, कष्ट फार घेतलेत हो तुम्ही. मी म्हटलं, तुमचीही थोडी मदत झाली.
ही आमच्या चहाच्या बशा खाली ठेवता ठेवता खळखळून हसली. कारण सांगितलं नाही.
आतल्या सामानाची यादी केली: वस्तू तेवीस. माझ्या हातची एक. संख्या बघायची नसते.

२० मार्च
टेबल परत मागितलं गेलं. घर कपाटावर ठेवलं. तिथे ते गच्चीसकट मावत नाही, म्हणून जिना काढावा लागला. खारूने तीन दिवसांत एकदाही मागितलं नाही. वय लहान आहे. दर्जा कळायला वेळ लागतो.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.३०
आज ठरवूनच खाली गेलो. खारूला हात धरून वर आणायचं, घर समोर ठेवायचं आणि शेजारी बसून खेळायचं. मुदत: सहाच्या आत.
खाली फरशीवर मुलांनी खडूने घर आखलेलं. वेडंवाकडं. एक खोली लांबडी, एक गोल. माप म्हणून काही नाही. त्यात सहा मुलं राहत होती.
मी जवळ गेलो तर सगळी ओरडली. खारू म्हणाली, बाबा, तू भिंतीतून आत आलास! बाहेर जाऊन दारातून यायला लावलं. दार कुठे ते विचारावं लागलं. टकटक केली. कोण आहे, म्हणाली. म्हटलं, बाबा. आत थोडी चर्चा झाली. मग खारूने येऊन सांगितलं की या घरातले बाबा ऑफिसला गेलेत, नंतर येतील, आणि आई, दोन आज्या, बाळ, डॉक्टर या सगळ्या जागा भरल्यात. बघते हं काही आहे का, म्हणाली. साहेब भरतीच्या वेळी म्हणतात तसं.
शेवटी मला सुतार केलं.
खरं सांगायचं तर बरं वाटलं. सहा आठवड्यांत माझ्या कामाची दखल पहिल्यांदाच घेतली गेली. काम असं होतं: पुढचं दार अडकतंय, नीट करा. मी उकिडवा बसलो. अर्धा तास, गुडघे गेले, पण एकही टप्पा सोडला नाही. बिजागरी सैल केली, कड तासली, पुन्हा बसवली, तेल घातलं. सगळं हवेत. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नसेन. बाळ मध्येच उठून बघायला आलं. डॉक्टरही.
मग खारू आली. लंगडत, गंभीर चेहऱ्याने. तिने नसलेली कडी धरली, नसलेलं दार ढकलून पाहिलं. पुन्हा एकदा ढकललं.
म्हणाली, अजून अडकतंय.
उद्या पाचला बोलावलंय.