वनेटच्या बदल्यात

फरवानिया, कुवेत
रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

चि. सखाराम,

आशीर्वाद. आम्ही तिघंही बरी आहोत. ईदच्या सुट्टीत निम्म्या नर्सेस रजेवर, त्यामुळे वॉर्डात माझी डबल ड्युटी झाली. देवगडहून आईचं पत्र आलं. गुडघा तसाच आहे, पण जीभ शाबूत आहे असं पत्रावरून वाटलं. नीलाशी मराठीत बोललं तरी उत्तर इंग्रजीत येतं. "व्हेन इज मामा कमिंग?" हे तर रोजचं. मी काहीबाही सांगून वेळ मारून नेते.

आता मुद्द्याचं. हे पत्र मी नुसतं भावाला लिहीत नाही, न विचारता देऊन टाकलेल्या माणसाला लिहिते आहे. अशी माणसं जगात पुष्कळ आहेत, सखा. मला अण्णांनी एकोणिसाव्या वर्षी देऊन टाकलं. मुलगा त्यांनी पाहिला, मी नाही. माणूस चांगला निघाला हे माझं नशीब, त्या पद्धतीचा मोठेपणा नव्हे. गावाबाहेर अम्गराच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या सुतार-गवंड्यांना मुंबईत एका कंपनीचं नाव सांगतात आणि इथे उतरवून दुसऱ्याच कंपनीच्या हवाली करतात. आणि तुला, आपल्या क्लबच्या सर्वांत वेगवान बोलरला, मिरकाबच्या क्लबकडे देऊन टाकलं. एका वनेटच्या बदल्यात! मागे उघडी, फरशा वाहणारी, एक दार दोरीने बांधलेली पिकअप. तुला राग येणारच. मला आला असता तर मी शहर डोक्यावर घेतलं असतं.

सीझनच्या आधी सगळ्या क्लबांच्या मॅनेजरांनी चहाच्या हॉटेलात बसून माणसाच्या बदल्यात माणूस द्यायचा, ही रीत मला कधीच आवडली नाही. आपल्या क्लबचे मॅनेजर असलेल्या तुझ्या भावोजींनी तर गेल्या साली तीही मोडली. तू गेलास, त्या बदल्यात विजयकुमार आणि त्याची वनेट आली. विकेटकीपर कमाल गेला, त्या बदल्यात एक तंबू आला. विजयकुमार बॅट कुदळीसारखी धरतो. तंबूला तर कॅच येतच नाही. आम्ही सगळ्या मॅचेस हरलो. एक वाचली ती धुळीच्या वादळामुळे.

परवा काशिनाथराव आणि कमिटीतले बाकीचे घरी आले होते. भावोजी खाली मान घालून बसले होते. काशिनाथराव म्हणाले, "बाळासाहेब, आपण क्लब चालवतो की सहल काढतो? यंदा मला देऊन टाका, बिर्याणीच्या पातेल्याच्या बदल्यात!"

सगळे हसले. मी चहा ठेवत म्हटलं, "तुमच्या बदल्यात पातेलं कोण देणार, काशिनाथराव? झाकण मिळालं तरी पुष्कळ."

मग ते माझ्यावर घसरले. "वहिनी, भाषणं गणपतीत करा. सख्ख्या मेहुण्याला देऊन फरशीवाल्याची गाडी आणणारा मॅनेजर जगात दुसरा दाखवा."

या वेळी मी गप्प बसले. हो, मी.

तुला मिरकाबकडून कळलं असेलच. त्यांनी पाकिस्तानातून आलेला एक नवा बोलर घेतलाय, मजीद नावाचा. आता ते तुला परत द्यायला तयार आहेत, आणि वनेट परत मागत आहेत. विजयकुमार नुसता ड्रायव्हर, त्याला यात बोलता येत नाही. वनेट फरशीच्या दुकानाच्या मालकाची, आणि तो मालकच मिरकाबच्या क्लबचा अध्यक्ष. गुरुवारच्या सभेत ठराव येणार आणि सगळे हात वर करणार. भावोजींना मॅनेजरपदावरून काढायचा ठरावही आहे. ते जाऊ देत. त्यांचं पद वाचवायला मी शाईचा थेंब खर्च केला नसता.

तू एकदाही विचारलं नाहीस की वनेटच का. विचारायला घरी आलाच नाहीस. दोन भाऊबिजा गेल्या. पाट मांडला होता. पुढचं लिहीत नाही.

वनेटच का, ते सांगते. शनिवारी सकाळी आमच्या ओपीडीत अम्गराची माणसं यायची. छातीत धडधडतं, जेवण जात नाही, झोप येत नाही. डॉक्टर तपासायचे, काही सापडायचं नाही. मी एकाला विचारलं, नेमकं कधी होतं हे? हरिश्चंद्र त्याचं नाव, कुडाळकडचा सुतार. तो म्हणाला, "सिस्टर, काम असला की काय होणा नाय. शुक्रवार इलो की होता." सहा दिवस माणूस राबतो, सातव्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये खाटेवर पडून छताकडे बघतो. शुक्रवारी तिकडे बस नाही. टॅक्सीला पैसे टाकायचे तर गावी काय पाठवायचं? सुट्टीची धास्ती घेतलेली माणसं मी पहिल्यांदा पाहिली. एवढी पुस्तकं वाचली, पण हे दुखणं कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

आता दर शुक्रवारी पहाटे विजयकुमार वनेट घेऊन अम्गराला जातो, दोन-दोन फेऱ्या मारतो. मॅट आणि तंबू पहिल्या फेरीत, उरलेल्या जागेत माणसं. तंबूच्या सावलीत पत्ते, भजन, शिव्या, माशाचं कालवण, सगळं चालतं. हरलेल्या मॅचमध्ये भावोजी त्यांना एकेक ओव्हर देतात. म्हणून आम्ही जास्तच हरतो. हरिश्चंद्राच्या ओव्हरमध्ये तीन सिक्स बसले, तर हा धावत माझ्याकडे, "वयनी, बॉल खंय गेलो तां बघितलास? माझो बॉल!" शनिवारच्या ओपीडीत तो मला परत दिसला नाही.

काशिनाथरावांना मी हे का सांगितलं नाही? सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, दयेचं खातं वेगळं, क्रिकेटचं वेगळं." त्यांचंही सगळं चुकत नाही. पोरांना जिंकायचं आहे. मलाही जिंकायचं आहे. तू रन-अप घेताना मी श्वास धरायची, तो शुक्रवार मला नको आहे का?

आता उरलेलं सांगते. किती वेळ आडवाटेने चालणार?

वाहनाच्या बदल्यात मिरकाबवाल्यांना चांगलाच बोलर हवा होता. भावोजी तीन-चार दिवस नावं घोळवत होते. कोणाचं तरी पोर द्यायचं, आणि तोंड कसं दाखवायचं? तुझं नाव त्यांच्या ओठावर आलं नव्हतं, सखा. ते मी घेतलं. मी म्हटलं, दुसऱ्याचा भाऊ देऊन पुण्य आपण घ्यायचं नाही. आपलाच द्यायचा. ते म्हणाले, "आधी त्याला विचारू." मी म्हटलं, मी विचारते. आणि विचारलं नाही. तू नाही म्हणशील याची भीती वाटली. व्यासपीठावर चढून मी बायकांना सांगते, तुम्हाला न विचारता कोणी तुमचा निर्णय घेतला तर उठा, बोला. घरी येऊन मी अण्णांसारखीच वागले.

शिव्या त्यांनी खाल्ल्या, एक वर्षभर. माझं नाव त्यांनी कोणालाही सांगितलं नाही.

तुला दिलं याचा मला पश्चात्ताप नाही. आजही तेच नाव घेईन. विचारलं नाही, याचा आहे. म्हणून या वेळी विचारते.

लीगच्या नियमात एक ओळ आहे. खेळाडूने स्वतः सभेत उभं राहून नकार दिला, तर अदलाबदल होत नाही. आजवर कोणी नकार दिला नाही, कारण आजवर कोणाला कोणी विचारलंच नाही. तू नकार दिलास तर वनेट राहील. तू मात्र मिरकाबकडेच राहशील, आणि तिथे आता नवा बॉल मजीदच्या हातात जाईल, तू बाउंड्रीवर उभा राहशील. ऐन उमेदीचं तुझं एक वर्ष असं जाईल. हे मी झाकून ठेवत नाही. परत यायचं असेल तर ये. मी सभेत तोंड उघडणार नाही, आणि माझं तोंड बंद राहणं म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे. घराचा आणि या उत्तराचा काही संबंध नाही. क्लबमध्ये तुझ्या जागी विजयकुमार आला, पाटावर कोणी आलेलं नाही.

पण मला काय हवं ते मी बोलणारच. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ये. तुझं नाव पुकारलं की उभा राहा, आणि काशिनाथरावांच्या डोळ्यांत बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, "मला परत यायचं नाही."

तुला न विचारता देणारी, आणि आज विचारणारी,
द्वारकाताई