अक्कलदाढ संघ जिंकला, त्याची हकिकत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखरच साष्टांग. पाठ टेकवत नाही म्हणून पालथा पडून लिहितोय. अक्षर उताराला लागल्यासारखं दिसेल, तेवढं सांभाळून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का? मोठीची परीक्षा, धाकटीचं नाटक, स्वयंपाकघरातला तो गळका नळ, सगळं मार्गी लागलं असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सर्व सुखरूप. म्हणजे तुझी भावजय आणि मुलं सुखरूप. माझा डावा डोळा मिटलाय, नाक किंचित उजवीकडे बघतंय आणि खुर्चीत बसायचं म्हटलं की आधी मनाची तयारी करावी लागते. पण ताई, मी इतका आनंदात आहे की आज दुकानात चष्मा न्यायला आलेल्या एका आजोबांना मी आधी मिठीच मारली. माझं तुझ्याकडे काही काम नाही बरं का. सहज लिहितोय, आनंद पोटात मावेना म्हणून.

आम्ही जिंकलो! अक्कलदाढ संघ जिंकला!

आता तू कपाळाला आठ्या घालून विचारशील, हा कसला संघ? तेच सांगतो. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाच्या अंगावर एवढं खरचटतं कसं, असं तू दर भेटीत विचारतेस आणि मी दर भेटीत जिन्यावरून पडलो म्हणून सांगतो. आमच्या घराला जिना नाही, ताई. (तू चार वेळा येऊन राहून गेलीस, तरी तुझ्या हे लक्षात आलं नाही, याचं मला नवल वाटतं.) मी रग्बी खेळतो. नऊ वर्षं झाली.

घाबरू नकोस, खेळ सोपा आहे. अंड्याच्या आकाराचा चेंडू काखोटीला मारायचा आणि पुढे पळायचं. समोरचे पंधरा जण आपल्याला पाडायला बघतात. दुसऱ्याला चेंडू द्यायचा तर तो मागेच टाकायचा, पुढे टाकला की शिट्टी. असं करत करत समोरच्यांच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की पाच गुण. त्याला ट्राय म्हणतात. मग दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू पाठवला की आणखी दोन. झालं. बाकी सगळं मलमपट्टीवर अवलंबून असतं.

हे खूळ आमच्या गावात आणलं दाताच्या डॉक्टरांनी. ते शिकायला बाहेर होते तेव्हा हा खेळ खेळत, आणि परत येऊन दवाखाना थाटला तरी त्यांच्या डोक्यातून तो जाईना. पण गावात पंधरा माणसं कुठून आणणार? तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. पेशंट खुर्चीत आडवा पडला, तोंड उघडं, तोंडात कापूस, गालाला भूल चढलेली, की डॉक्टर आरसा फिरवता फिरवता अगदी गोड आवाजात विचारायचे, ‘काय, येणार ना आमच्या संघात?’ पेशंट म्हणायचा, ‘अं-अं-आं!’ डॉक्टर म्हणायचे, ‘छान, रविवारी सकाळी या.’ ताई, आमचा अख्खा संघ असा जमला आहे. मी माझी अक्कलदाढ काढायला गेलो होतो. बेकरीवाला कीड भरायला, प्लंबर कवळीचं माप द्यायला (सासूच्या कवळीचं, तो नुसता सोबत आला होता, पण रिकामी खुर्ची बघून बसला). आमच्याशी पहिला सामना खेळलेल्या लोकांनी आमची ही जन्मकथा ऐकली आणि आमचं नाव अक्कलदाढ संघ पडलं. डॉक्टरांनी ठेवलेलं मूळ नाव फार भारदस्त होतं, पण ते आता त्यांनाही आठवत नाही.

पहिल्या सामन्याबद्दल काय सांगू! चेंडू मागेच टाकायचा हा नियम आम्ही इतका मनावर घेतला की पुढे पळायचं राहूनच गेलं. बेकरीवाल्याने माझ्याकडे, मी प्लंबरकडे, प्लंबरने ग्रंथपालाकडे असं मागे मागे करत आम्ही आमच्याच रेषेच्या पलीकडे जाऊन पोहोचलो. समोरचे लोक जागच्या जागी उभे राहून कौतुकाने बघत होते. ग्रंथपाल म्हणजे आमच्या वाचनालयातला. अंगाने काडी, पण पळायला लागला की दिसत नाही. त्याचा दोष एकच, कोणाला धक्का लागला की थांबून ‘माफ करा हं’ म्हणतो, आणि तेवढ्यात चेंडू जातो. बेकरीवाला म्हणजे दोन माणसांचा ऐवज, पण स्वभाव लोण्याचा. त्याच्या अंगावर कोणी आला तर त्याला लागू नये म्हणून हा बाजूला व्हायचा. आणि मी! चष्मा घालून हा खेळ खेळता येत नाही, आणि चष्म्याशिवाय मला, तुला माहीतच आहे, हत्ती आणि पाण्याची टाकी सारखीच. माझी जागा सगळ्यांच्या मागे. धावून येणाऱ्याला अडवायचं. मी नऊ वर्षांत मन लावून अडवलेल्यांत आमचे डॉक्टर, मैदानाचा खांब आणि वारंवार रेफरी यांचा समावेश आहे. (रेफरी म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. अंगात जीव नाही, पण नियमाला पक्के. जमिनीवर पडल्या पडल्याही शिट्टी वाजवतात.)

तर दर वर्षी विभागीय चषकाच्या पहिल्या फेरीत आम्ही हरायचो. यंदा मंडळाने कळवलं की पुरे झालं, या वेळीही हरलात तर पुढच्या वर्षीपासून तुमचं नाव घेणार नाही. डॉक्टरांनी ही बातमी आम्हाला सांगितली तेव्हा ते हसत होते, पण बूट बांधताना त्यांना नाडीची गाठ जमेना. ज्या माणसाचे हात दुसऱ्याच्या तोंडात केसाएवढेही हलत नाहीत, त्याला नाडी बांधता येईना. मला ते बघवेना, म्हणून मी चष्मा काढून ठेवला.

आणि पहिल्या फेरीत समोर कोण, तर अग्निशामक दल! एकेकाचे दंड आपल्या दारातल्या खांबाएवढे. त्यांच्यातले निम्मे ड्यूटीवर होते, म्हणून ते लाल बंब घेऊनच आले आणि तो मैदानाच्या कडेला उभा केला. प्रेक्षकांत तुझी भावजय, प्लंबरची सासू, आणि बसची वाट बघणारे एक गृहस्थ. मध्यंतरापर्यंत चोवीस-शून्य. शून्य कोणाचं, हे सांगायला नकोच. मला तर अर्धा वेळ गवतच दिसलं, तेही जवळून.

मध्यंतरात डॉक्टर आम्हाला जवळ बोलावून म्हणाले, ‘हे बघा, जिंकायचं राहू द्या. चषकात आपला एकही ट्राय झालेला नाही. एक करा. मला एकदा बघायचाय.’ बेकरीवाल्याने नाक शिंकरलं, त्याने कबुतरं उडाली.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि थोड्याच वेळात प्लंबरची सासू ओरडली, ‘अहो, धूर!’ समोरच्या रेषेमागे जी लाकडी खोली आहे ना, जिथे आम्ही कपडे बदलतो, तिच्या छपरातून धूर निघत होता. झालं होतं असं, की सामन्यानंतर सगळ्यांना गरम बन मिळावेत म्हणून बेकरीवाल्याने प्रेमाने आत शेगडी पेटवून ठेवली होती. शेजारी आमचे टॉवेल. ड्यूटीवरचे आठही जण चेंडू टाकून बंबाकडे धावले. आम्हीही निघालो, तोच मास्तरांनी शिट्टी फुंकली.

‘आग मैदानाबाहेर आहे,’ मास्तर म्हणाले. ‘खोलीत माणूस नाही, बंब पोहोचलाय. खेळ चालू. जो परवानगीशिवाय रेषेबाहेर जाईल, तो बाद.’

‘अहो, पण माझे बन!’ बेकरीवाला कळवळला.

‘चेंडू घेऊन जायला कोणाची मनाई नाही,’ मास्तर म्हणाले.

ताई, त्या क्षणी आमच्या संघाला रग्बी कळली! नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्ही सगळे एकाच दिशेला धावलो. प्रत्येकाचं काही ना काही त्या खोलीत होतं. बेकरीवाल्याने चेंडू छातीशी धरला आणि ‘माझे बऽऽन!’ अशी आरोळी ठोकून निघाला. चार बंबवाले त्याला लोंबकळत होते, त्यांच्यासकट तो रेषेपलीकडे जाऊन आपटला. आमचा पहिला ट्राय! मागे वळून बघितलं तर डॉक्टर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे. मग त्यांना आठवलं की लाथ त्यांनाच मारायची आहे. गुडघा दुखरा, पण चेंडू दोन खांबांच्या मधोमध. पाठोपाठ ग्रंथपाल. त्याच्या पिशवीत वाचनालयाचं पुस्तक होतं, आणि ते जळालं तर तो स्वतःला काय तोंड दाखवणार? तीन जणांना धक्के देऊन गेला आणि एकदाही ‘माफ करा’ म्हणाला नाही. (नंतर तिघांकडे वेगवेगळं जाऊन म्हणाला.) डॉक्टरांची लाथ पुन्हा मधोमध. मग प्लंबर, त्याच्या आजोबांच्या पान्यासाठी. तोही ट्राय, तीही लाथ. चोवीस-एकवीस!

वेळ संपत आली होती. समोरचे सातही जण आता चवताळले होते. कोणीतरी माझ्या हातात चेंडू दिला. कोणी, ते मला दिसलं नाही. कुठे पळायचं, तेही नेहमीप्रमाणे दिसेना. तेवढ्यात तुझ्या भावजयीचा आवाज आला (तो तुला ठाऊक आहे, तीन गल्ल्या पलीकडे जातो), ‘अहो, तुमचा चष्मा आत आहे! नवा!’ मी मान वर केली. आणि ताई, ती आग इतकी मोठी आणि इतकी लाल झाली होती की ती मलासुद्धा दिसली! नऊ वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की रेषा कोणत्या बाजूला आहे. मग मी पळालो. वाटेत काहीतरी आडवं आलं, त्याला ओलांडलं. आणखी काहीतरी आडवं आलं, त्याने माझा पाय धरला, तो तसाच ओढत नेला. चेंडू काखेत आहे हे मी विसरूनच गेलो होतो. चष्म्यापर्यंत काही पोहोचलो नाही. पाय अडकून नाकावर पडलो, चेंडू माझ्याखाली, आणि माझ्याखाली ओली पांढरी रेषा. एवढ्या जवळून ती मला अगदी स्वच्छ दिसली. चेंडू बरोबर तिच्या पलीकडे होता. सव्वीस-चोवीस.

त्यानंतर माझ्यावर जे लोक पडले ते सगळे आपलेच होते. पाठीचं दुखणं तिथलं आहे.

मास्तरांनी शेवटची शिट्टी दिली आणि आम्हाला एकदम भानावर आल्यासारखं झालं. आपण जिंकलो म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात बंबवाल्यांचा कप्तान आला. काजळीने काळाभोर, भुवया जरा आखूड झालेल्या. म्हणाला, ‘आग विझली. तुमची खोली गेली. गुण किती झाले?’ डॉक्टरांनी खाली मान घालून सांगितलं, आणि वर म्हणाले, ‘हे काही खरं नाही. आपण पुन्हा खेळू. तुम्ही अर्धेच होतात.’ कप्तानाने त्यांच्याकडे बघितलं, मग जळक्या खोलीकडे, आणि ताई, तो गडगडाटी हसला. म्हणाला, ‘डॉक्टर, आम्ही आमचं काम करत होतो, तुम्ही तुमचं. आमची तक्रार नाही. पण आमच्या घरी हरलो कसे हे सांगताना तुमच्यातला कोणीतरी सोबत द्या, नाहीतर कोणाचा विश्वास बसायचा नाही.’ डॉक्टर मटकन गवतात बसले. डोळ्यांतून धारा, तोंडाने हसू. मग एकेकाला समोर बसवून तोंड उघडायला लावून त्यांनी सगळ्यांचे दात तपासले, बंबवाल्यांचेसुद्धा. सगळे शाबूत. ‘बघा,’ ते म्हणाले, ‘किती सुरक्षित खेळ आहे.’ मग आम्ही अंगावरच्या चिखलानिशी, त्यांच्याच बंबावर बसून गावभर फिरलो. घंटा बेकरीवाल्याने वाजवली.

बस, एवढंच सांगायचं होतं. मुलांना गोड पापा. तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. जिंकल्यामुळे आम्ही दुसऱ्या फेरीत गेलो, हे लिहायचं राहिलं. दुसरी फेरी येत्या शनिवारी आहे आणि योगायोग बघ, ती तुमच्याच गावात आहे. एक रात्र मी आणि डॉक्टर तुझ्याकडे उतरलो तर चालेल ना? आम्हाला काही लागत नाही.

ता. क. दुसरा. बेकरीवालाही येईल. तो जमिनीवर झोपतो, म्हणजे पलंगाची भीती नाही. ग्रंथपालाला एकटं राहायची सवय नाही, म्हणून तोही. आता एवढे आलेच तर उरलेल्यांनी काय पाप केलंय? तुमची गच्ची ऐसपैस आहे. कपडे सगळ्यांचेच जळाले, तेव्हा भावोजींचे जुने पायजमे काढून ठेव, असतील नसतील तेवढे. नळ प्लंबर बघेल. निदान कसा बघायचा ते सांगेल, कारण माझ्यावर पडलेल्यांत सगळ्यात खाली तोच होता आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलंय.

ता. क. तिसरा. त्यामुळे आम्ही चौदाच उरलोय. भावोजींना इतक्यात काही बोलू नकोस, फक्त त्यांच्या बुटाचा नंबर तेवढा कळव.