बत्तीस तारांचं चाक

गुरुजी, काल तुमचे थोरले चिरंजीव दुकानात आले होते. अंगानं ते तुमच्यावरच गेलेत. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलीय, पण मागच्या चाकाच्या तारा महिन्यालाच तुटतात म्हणाले. "माझ्या वजनाला टिकंल असं चाक बांधून द्या. लागंल तेवढा वेळ घ्या."

मी सगळा दिवस घेतला. चाकाच्या मधोमध, जिथं तारा अडकतात, तो हब त्या नव्या सायकलीच्या मापात चाळीस भोकांचा मिळत नाही, म्हणून छत्तीसचा घेतला. रिम दुहेरी भिंतीची, तारा जाड, टायर बसेल तेवढा रुंद. एकेक तार तीन तारांना ओलांडून नेली. बोटानं छेडून, आवाज ऐकून ताण जुळवला. मग तारा जोडीजोडीनं मुठीत आवळल्या, त्यांची कुरकुर थांबेपर्यंत, आणि पुन्हा आऊट काढला, म्हणजे चाक फिरताना जिथं डावीउजवीकडं हलत होतं तिथं सरळ केलं. नुसत्या वजनानं तार तुटत नाही, गुरुजी. ती ढिली राहिली की दर फेऱ्याला वाकत-सुटत राहते आणि हबापाशी, जिथं तिची मान वळवलेली असते, तिथं तुटते. तुमच्या सायकलीला चाक घातलं तेव्हा मला एवढं कळत नव्हतं. पण बत्तीस हे चाळीसपेक्षा कमी असतात, एवढं तुमच्याच चौथीच्या वर्गात शिकलो होतो.

मुरुममधलं हे दुकान तेव्हा नवं होतं. नारळ तुम्ही फोडलात आणि पहिली सायकलही तुमचीच आली. काळी, उंच, मागं चाळीस तारांचं चाक. रिम गंजली होती एवढंच. तसलीच लोखंडी रिम टाकली असती तर काम झालं असतं. पण मी सोलापूरहून एक चकाकतं, हलकं चाक आणलं होतं, आणि ते कुणाच्या तरी सायकलीला लागलेलं गावानं बघावं अशी मला घाई होती. तुम्ही हजेरी घेतल्यासारख्या तारा मोजता, बोट टेकवत टेकवत. "मालक, ह्या बत्तीसच भरतात की. आठ पोरं गैरहजर हायेत." मी म्हणतो, "गुरुजी, पोरं तुम्ही मोजा. चाक माझ्यावर सोडा." तुम्ही सोडता.

पंधरा दिवसांत दोन तारा तुटल्या, मग तीन. दुसऱ्या खेपेलाच माझ्या ध्यानात आलं होतं. चाळीस भोकांची नवी रिम तुमच्या जुन्या हबाशेजारीच खुंटीला टांगलेली होती. ती बसवली असती तर चूक माझी होती, हे शेजारच्या हॉटेलात बसलेल्यांना दिसलं असतं. म्हणून तिसऱ्या खेपेला, तुम्ही घामाघूम होऊन सायकल ढकलत आणलीत तेव्हा, त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "चाकात खोट न्हाय, गुरुजी. तुरीचं पोतं टाकल्यागत बसताय. कुठली तार टिकंल?" हॉटेल हसलं. तुम्हीही हसलात, पोटावर हात फिरवत. "व्हय रे, वजन लई वाढलंय खरं," म्हणालात आणि सायकल तशीच हातात धरून घरी नेलीत. त्यानंतर तुम्हाला तिच्यावर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सकाळी शाळेला जायला समोरच्या फाट्यावर जीपची वाट बघत उभे राहायचात. दाटी असली की जीपवाला तुम्हालाच मागं ठेवायचा. मी शटर वर करताना ते बघायचो. तुम्ही हात करायचात. एवढ्या वर्षांत मी एकदाही रस्ता ओलांडून आलो नाही.

काल चाक बसवून झाल्यावर चिरंजीव चौकापर्यंत जाऊन आले. खूश होते. खाली उतरून म्हणाले, "आण्णांना पण सायकलीचा लई नाद होता. गुडघे गेले म्हणून सोडावी लागली बिचाऱ्यांना. पण चाकाचं काम असंल तर ह्याच दुकानात जायचं, असं शेवटपर्यंत सांगायचे."

गुडघे. घरी तुम्ही गुडघ्यांचं कारण सांगितलं होतंत.

हे पत्र त्यांच्या हाती देता येईल, पण देणार नाही. तोंडानं सांगायची वेळ कालच होती. ते समोर उभे होते. मी म्हणालो, "व्हय, गुडघ्याचं दुखणं वाईटच," आणि खाली बसून पुन्हा तारांना चावी लावली, आऊट काढत राहिलो. चाकात आऊट उरला नव्हता, गुरुजी.