तिसरी पिन

आबा, तुमच्या घराच्या मधल्या खोलीत मी एक मशीन आणून बसवलंय. ते दिवसरात्र घोंघावत कसली तरी गणितं सोडवतं आणि त्याच्या बदल्यात इंटरनेटवरचे पैसे मिळतात, ज्यांना क्रिप्टो म्हणतात. तुम्ही लगेच म्हणाला असता, "नोट दिसंना अन् मीटर तेवढं पळतंय." म्हणा खुशाल. मशीन सेकंडहँड आहे, पण करंट एवढा ओढतं की साध्या सॉकेटची अन् वायरीची राख व्हायची. पलीकडच्या खोलीत माय झोपते, अनवाणी फिरते, ओल्या फडक्याने फरशी पुसते. जोडणी चुकली तर भोगणार ती. म्हणून दादा जेव्हा म्हणाला, "कूलरच्या सॉकेटातच घाल की, आबांनी घातलं तसं," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

तुम्ही दिंद्रुडात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरायचात. जळालेली मोटार तुमच्या दुकानात आली की चालू होऊनच जायची, आणि त्याचा तुम्हाला लई माज होता. तो उन्हाळा मला अजून दिसतो. नवा कूलर दारात उभा आहे, त्याची पिन तीन पायांची आणि भिंतीतलं सॉकेट दोन भोकांचं. तुम्ही पक्कड घेता आणि वरची जाड पिन कडकन मोडता. मी अंबाजोगाईला आयटीआयत वायरिंग शिकतेय, वर्गात एकटीच मुलगी. मी म्हणते, "आबा, ती अर्थिंगची हाय, मोडू नका." तुम्ही हसता. "तिसरी पिन शोभेची असती. अन् पोरीच्या जातीनं बोर्डाला हात लावू न्हाई, कितीबी शिकली तरी." शेजारचेही हसतात. कूलर गार हवा सोडतो आणि मी खोटी ठरते. त्याच उन्हाळ्यात तुम्ही ओल्या पायांनी त्याच्यात पाणी ओतायला गेलात, दुसरा हात करंट उतरलेल्या पत्र्यावर टेकला, आणि तिथंच संपलात.

दहाव्याला जो येईल तो म्हणायचा, घडी भरली होती. मी सगळ्यांसमोर म्हणाले, घडी भरली नव्हती, पिन मोडली होती. चुलता अंगावर आला, "बापाच्या दहाव्याला आसं बोलतेत का गं?" बोलतात. आजही बोलते, आणि तुमच्या तोंडावर बोलते. तुम्ही नशिबाने गेला नाहीत, हट्टाने गेलात.

तेव्हा ऐका, मी काय केलं ते. आधी वीज कार्यालयात जाऊन घराचा भार वाढवून घेतला. मीटरपासून थेट जाड तांब्याची वायर ओढली, फक्त या मशीनसाठी. तिच्यावर वेगळा एमसीबी, आणि पत्र्यात करंट उतरला तर क्षणात पडून वीज तोडणारा दुसरा ब्रेकर. गोठ्याच्या कडेला अर्थिंगसाठी खड्डा खणून पाइप पुरला, भोवती कोळसा अन् मीठ भरलं, पाणी सोडलं, अन् तिथली वायर सॉकेटच्या तिसऱ्या भोकापर्यंत आणली. दादा कपाळाला हात लावून म्हणाला, "मशीनीसाठी खड्डा? लोक हसतेत आपल्याला." हसू देत. मग मेन बंद करून पॉवर सप्लायची एकेक वायर मशीनमध्ये खटका वाजेपर्यंत दाबली, ओढून पाहिली, कारण ढिला सांधाच आधी तापतो. एक्स्टेन्शन बोर्ड वापरलाच नाही. भिंतीतल्या सॉकेटात पिन सगळ्यात शेवटी लावली, तिन्ही पाय शाबूत असलेली.

मेन चालू करून ब्रेकरचं टेस्टचं बटण दाबलं तसा तो खट्कन पडला. दादाला तेवढंच हवं होतं. "बघ, पडला. आबांचं काम कधी बंद पडत नव्हतं."

"नव्हतंच पडत," मी म्हणाले, "म्हणून आबा पडले."

माय दारातच उभी होती, तिने ऐकलं. तुम्ही गेल्यापासून ती विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावत नाही, पंख्याचं बटणसुद्धा लाटण्याने दाबते. मी ब्रेकर उचलला, मशीन घोंघावू लागलं. ती आत आली, अनवाणीच, आणि तिने त्याच्या पत्र्यावर अख्खा तळवा टेकवला. मी ब्रेकरवर हात नेला. "गरम हाय गं," एवढंच म्हणाली, आणि हात तसाच ठेवून उभी राहिली.

हा कागद काही पोस्टात टाकायचा नाही, म्हणून सांगून टाकते. त्या मशीनचं मला काहीएक पडलेलं नाही. बिल भागून काही उरेल असंही वाटत नाही, कंटाळा आला की विकून टाकीन. मला फक्त तुमच्या घरातल्या बोर्डाला हात लावायचा होता. आणि लावताना, आबा, मी मागे वळून पाहिलं, तुम्ही ओरडाल म्हणून. ओरडायला तुम्ही हवे होतात.